रानमेव्याचं रोप 'जीए'मुळे खरंच लवकर वाढतं का?

जून आला की वृक्षारोपणाचे फोटो पडायला लागतात. रोपं मात्र बऱ्याचदा गुलमोहराची नाहीतर रेनट्रीची असतात. आजरा, चंदगड, राधानगरीच्या रानातली जांभूळ, रातांबा, फणस का लावत नाहीत? एक कारण साधं आहे. यातली बरीच रोपं सुरुवातीला सावकाश वाढतात आणि नर्सरीवाल्याला तेवढे दिवस पिशवी सांभाळणं परवडत नाही.

यावर एक उपाय सांगितला जातो तो म्हणजे 'जीए', अर्थात जिबरेलिक ॲसिड. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना हे नाव नवीन नाही. घड लांब आणि मणी मोठे व्हावेत म्हणून ते वर्षानुवर्षं वापरतात.

हे सापडलं कसं?

जपानी शेतकऱ्यांच्या भातात काही रोपं एकदम उंच व्हायची आणि आडवी पडायची. हे एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होतं, असं एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. १९३५ मध्ये त्याला 'जिबरेलिन' नाव मिळालं. पुढे कळलं की झाडं स्वतःही ते तयार करतात.

काम कसं करतं?

बी उगवताना जिबरेलिन साठवलेलं अन्न वापरात आणायला मदत करतं. रोप आलं की खोडाच्या पेशी लांबवतं. म्हणून बी जीएच्या द्रावणात भिजवून पेरतात किंवा रोपांवर फवारतात. प्रमाण अगदी कमी लागतं. १०० पीपीएम म्हणजे १ लिटर द्रावणात फक्त १०० मिलिग्रॅम. शुद्ध पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवतात.

मग अडचण कुठे?

पहिली अडचण बियांची. जांभूळ, फणस, रातांब्याचं बी वाळलं की मरतं आणि मेलेलं बी जीए जिवंत करत नाही. फळ खाल्लं की बी लगेच पेरायचं, हा जुना नियम इथे पहिला.

दुसरी, मात्रा. जास्त झाली तर रोप उंच पण लुकडं होतं. जपानी भात आडवा पडला तो यामुळेच. घाटमाथ्याच्या पावसात असं रोप टिकणं अवघड.

तिसरी रातांब्याची. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फळं मादीलाच लागतात. बियांपासूनचं रोप नर की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही. त्यात बरीच वर्षं जातात. जीएने उंची वाढेल, पण नर रोपाला फळं लागणार नाहीत. म्हणून मादी झाडाची काडी बांधून कलम करतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी 'कोकण अमृता' ही जात दिली आहे.

जीएचा खरा उपयोग इथेच होऊ शकतो. कलम बांधायला खालचं रोप पुरेसं वाढलेलं लागतं. तो काळ थोडा कमी झाला, तर नर्सरीचा खर्च वाचेल आणि पुढच्या जूनमध्ये फोटोतल्या खड्ड्यात गुलमोहराऐवजी रातांबा दिसेल.