शंभर टक्के निकाल आणि बारा मुलं

दहावीचा निकाल लागला की शाळांच्या फाटकावर फलक झळकतात – 'शाळेचा निकाल १०० टक्के'. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवताना पालक हाच आकडा पाहतात. दहावीला बाराच मुलं असलेल्या गावच्या शाळेचा निकाल ८३ टक्क्यांवर आला, तर जूनमध्ये काही मुलं तालुक्याच्या शाळेत जातात. लहान शाळा आणखी लहान होते. म्हणून या आकड्याचा अर्थ आपण नीट पाहू या.

राज्याचा दहावीचा निकाल २०२३ साली ९३.८३, २०२४ साली ९५.८१ आणि २०२५ साली ९४.१० टक्के लागला. परीक्षेला दर वेळी पंधरा लाखांहून अधिक मुलं. तेव्हा हा आकडा फारसा हलत नाही. बारा मुलांच्या वर्गात मात्र एकेक मूल ८.३३ टक्क्यांचं असतं. एक नापास झालं की निकाल ९१.६७, दोन झाली की ८३.३३.

समजा, या शाळेतली मुलं राज्यातल्या मुलांसारखीच आहेत. म्हणजे प्रत्येकाची पास होण्याची शक्यता ०.९४१. बाराही मुलं पास होण्याची शक्यता किती? ०.९४१ हा आकडा बारा वेळा घेऊन गुणाकार करू. उत्तर येतं ०.४८. म्हणजे जवळजवळ एक वर्षाआड 'शंभर टक्के'! दोन किंवा अधिक मुलं नापास होण्याची शक्यता येते ०.१५ च्या आसपास. म्हणजे सहा-सात वर्षांतून एकदा निकाल ८३ किंवा त्याखाली जाणारच. शिक्षक तेच, शिकवणं तेच!

आता १२० मुलांची शाळा घ्या. तशाच मुलांचा तिथे शंभर टक्के निकाल हजार वर्षांत एकदाही लागणं कठीण. अर्थात, एका वर्गातल्या मुलांचे शिक्षक आणि परिस्थिती सारखीच असते, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतील. पण लहान शाळेचा निकाल जास्त झोके घेतो, हे खरंच.

मग पालकांनी काय पाहावं? एका वर्षाऐवजी पाच वर्षांची मुलं एकत्र मोजावीत. त्यात २०२१ धरू नये. त्या वर्षी लेखी परीक्षाच झाली नाही आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. नववीत किती मुलं होती आणि त्यांतली किती दहावीला बसली, हेही विचारावं. कच्च्या मुलांना नववीतच थांबवून किंवा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावूनही फलक रंगवता येतो. शिवाय पासाचा आकडा ३५ आणि ८५ गुणांत फरक करत नाही. तेव्हा विषयवार गुण पाहावेत.

पालकसभेत आपण शिक्षकांनी हा गुणाकार फळ्यावर करून दाखवायला हरकत नाही. आणि निकाल चांगला असो वा वाईट, टक्क्यांच्या शेजारी 'बारापैकी दहा' असंही लिहावं. मग पुढचा प्रश्न आपोआप योग्य येतो – ती दोन मुलं कोण, आणि त्यांना कशाची मदत हवी?