आठ गुरूंचं घराणं

कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला सव्वाशे वर्षांत प्रशिक्षक लाभले फक्त आठ. त्यांपैकी जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने ज्याच्या नावावर जास्त आहेत असा एकच, आणि तो म्हणजे या खेळाचा जनक! जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि बास्केटबॉल जन्माला आला. 1898 मध्ये ते कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावी विद्यापीठात शिकवायला आले. प्रशिक्षक म्हणून त्यांचा हिशेब 55 विजय आणि 60 पराभव असा राहिला. खेळाने मुलांची शरीरं आणि स्वभाव घडावेत, एवढीच त्यांची आस होती.

जिंकायचं कसं हे शिकवलं त्यांच्याच शिष्याने. फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन नेस्मिथ यांच्या हाताखाली खेळले आणि पुढे दोन टप्प्यांत मिळून 39 मोसम त्यांनी संघ सांभाळला. प्रशिक्षण हे स्वतंत्र शास्त्र आहे, त्यालाही तालीम लागते, हे त्यांनी अमेरिकेला पटवलं. 1952 मध्ये कॅन्ससला त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. पण त्यांची खरी कमाई त्यांच्या शिष्यांत दिसते. अडॉल्फ रप केंटकीला गेले आणि त्या विद्यापीठाला चार विजेतेपदं देऊन गेले. 1952 च्या संघात बहुतेक वेळ बाकावर बसणारा डीन स्मिथ पुढे नॉर्थ कॅरोलायनाचा दिग्गज प्रशिक्षक झाला.

संगीतातल्या घराण्याची तालीम दूरच्या गावी रुजावी आणि नातशिष्यांनी ती मूळ गावी परत आणावी, तसं इथं घडलं. स्मिथ यांच्याकडे खेळलेले लॅरी ब्राउन 1983 मध्ये कॅन्ससला आले. 1988 मध्ये त्यांच्या संघाने मोसमात 11 सामने गमावूनही विजेतेपद पटकावलं. अंतिम सामन्यात डॅनी मॅनिंगने एकट्याने 31 गुण केले. ब्राउन यांच्यानंतर आले रॉय विल्यम्स, स्मिथ यांचेच सहायक. आणि 2003 पासून सूत्रं आहेत बिल सेल्फ यांच्याकडे. तरुणपणी एक मोसम त्यांनी इथंच ब्राउन यांच्या हाताखाली उमेदवारी केली होती.

सेल्फ यांच्या संघाने 2005 ते 2018 अशी सलग 14 वर्षं ‘बिग 12’ या आपल्या गटात अव्वल स्थान राखलं. कॉलेजचे खेळाडू दोन-चार वर्षांत निघून जातात, त्यामुळे संघ दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. म्हणूनच एखाद्या विजेतेपदापेक्षा हे सातत्य मोठं वाटतं.

या वाटेवर डागही आहेत. खेळाडू भरतीतल्या गैरप्रकारांमुळे 1989 मध्ये संघाला विजेतेपद राखायला राष्ट्रीय स्पर्धेत उतरताच आलं नाही. पुढे 2018 च्या मोसमातले 15 विजय आणि त्या वर्षीची उपांत्य फेरीही अधिकृत नोंदींतून पुसली गेली. या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने हेही सांगितलं पाहिजे.

गर्दी मात्र कधी ओसरली नाही. 1955 मध्ये उभं राहिलेलं संघाचं क्रीडागृह ‘ॲलन फील्डहाउस’ 2024 पर्यंत 16,300 प्रेक्षकांचं होतं. चांगल्या जागेसाठी विद्यार्थी गट करून आळीपाळीने दिवसचे दिवस नंबर लावतात, आणि सामना हातात आला की ‘रॉक चॉक, जेहॉक’ हा घोष संथ लयीत छतापर्यंत चढत जातो. नेस्मिथ यांचे मूळ तेरा नियमही आता याच आवारात आहेत. डेव्हिड बूथ या माजी विद्यार्थ्याने 2010 मध्ये ते लिलावात 43 लाख डॉलरना विकत घेतले.

सेल्फ यांच्या काळातली विजेतेपदंही पिछाडीवरूनच आली. 2008 च्या अंतिम सामन्यात मेम्फिसविरुद्ध दोन मिनिटं उरली असताना संघ नऊ गुणांनी मागे होता. 2.1 सेकंद उरले असताना मारिओ चामर्सने तीन गुणांचा फटका मारून बरोबरी साधली आणि जादा वेळेत कॅन्सस जिंकलं. 2022 मध्ये अंतिम सामन्यात समोर होतं नॉर्थ कॅरोलायना. त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक ह्यूबर्ट डेव्हिस हे स्मिथ यांचे खेळाडू आणि विल्यम्स यांचे सहायक, म्हणजे समोरच्या बाकावरही ॲलन यांचीच परंपरा बसली होती. मध्यंतराला कॅन्सस 25-40 असं पिछाडीवर होतं. अंतिम सामन्यात मध्यंतराची इतकी पिछाडी त्याआधी कुणीच भरून काढली नव्हती. कॅन्ससने ती काढली आणि सामना 72-69 असा जिंकला.