‘थोडे’ की ‘थोडेच’? उरलेले प्रमाण इंग्रजीत सांगताना

‘ॲसिड थोडे उरले आहे’ आणि ‘ॲसिड थोडेच उरले आहे’. पहिले वाक्य ऐकून तुम्ही प्रयोग सुरू करता. दुसरे ऐकून आधी नवी बाटली मागवता. मराठीत हा फरक ‘च’ करतो. इंग्रजीत तो नामाआधीच्या एवढ्याशा ‘अ’ने होतो.

१. लिटल (न मोजता येणाऱ्या गोष्टी: पाणी, वेळ, पैसा)
• ‘देअर इज अ लिटल ॲसिड लेफ्ट.’ थोडे आहे, काम भागेल.
• ‘देअर इज लिटल ॲसिड लेफ्ट.’ जवळजवळ नाहीच.

२. फ्यू (मोजता येणाऱ्या गोष्टी: नावा, खुर्च्या, माणसे)
वाराणसीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्याविषयी ही दोन वाक्ये पाहा:
• ‘अ फ्यू मराठी फॅमिलीज लिव्ह हिअर.’
• ‘फ्यू मराठी फॅमिलीज लिव्ह हिअर.’
संख्या तीच असू शकते. पण पहिले वाक्य वस्ती आहे असे सांगते, दुसरे ती नसल्यात जमा आहे असे. म्हणून प्रकल्प अहवालात ‘फ्यू सेन्सर्स वर्क्ड’ लिहिलेत, तर परीक्षक प्रकल्प फसला असेच समजतील.

३. दोन अपवाद
• ‘ओन्ली’ आला की ‘अ’ राहतो, तरी अर्थ ‘थोडेच’ असा होतो: ‘ओन्ली अ लिटल’, ‘ओन्ली अ फ्यू’. ‘ओन्ली लिटल वॉटर इज देअर’ ही आपली नेहमीची चूक.
• ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हे, बरेच!

४. बोलताना
नुसते ‘लिटल’ बोलण्यात जरा पुस्तकी वाटते. त्याऐवजी ‘नॉट मच लेफ्ट’ किंवा ‘हार्डली एनी लेफ्ट’ म्हणा. ‘हार्डली’मध्ये नकार आधीच आहे, पुन्हा ‘नॉट’ नको.

५. संपत आले, संपले
• ‘वुई आर रनिंग लो ऑन डिझेल.’ साठा कमी झाला आहे.
• ‘वुई आर रनिंग आउट ऑफ डिझेल.’ संपत आले आहे.
• ‘वुई हॅव रन आउट ऑफ डिझेल.’ संपले.
‘लो’नंतर ‘ऑन’, ‘आउट’नंतर ‘ऑफ’ हे लक्षात ठेवा.

सराव
उत्तर झाकून इंग्रजीत सांगा.
(अ) घाटावर मोजक्याच नावा उरल्या आहेत.
(आ) वेळ संपत आला आहे.

उत्तरे: (अ) देअर आर ओन्ली अ फ्यू बोट्स लेफ्ट ॲट द घाट. (आ) वुई आर रनिंग आउट ऑफ टाइम.