दुसरी भाषा : वय किती, आणि तास किती?

जून महिना आला की पेरणीच्या लगबगीत घरोघर आणखी एक काळजी सुरू होते. पोराला कोणत्या शाळेत घालायचं? "इंग्रजी लहानपणीच पक्की होते, नंतर जीभ वळत नाही," असं कुणीतरी सांगतं आणि साडेतीन वर्षांचं लेकरू गावची अंगणवाडी सोडून गाडीत बसून तालुक्याला जाऊ लागतं. फीपायी घरातलं सोयाबीन पडत्या भावात विकावं लागतं. तेव्हा पालकबंधूंनो, या समजुतीत तथ्य किती आहे ते पाहू.

समजूत खोटी नाही, अर्धी आहे. उमरगा भागात कानडी पोरांत खेळणारं लेकरू कानडी सहज उचलतं. तिथं सून म्हणून आलेल्या बाईला तीच भाषा वीस वर्षांनंतरही थोडी अडते. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी जवळपास पावणेसात लाख लोकांची इंग्रजी तपासली. व्याकरण आत्मसात करण्याची ताकद साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते, मात्र जन्मजात बोलणाऱ्यासारखी भाषा यायची तर सुरुवात दहाच्या आसपास व्हावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे तीन वर्षांची घाई त्यांनीही सांगितलेली नाही.

आता दुसरी बाजू. १९७८ साली हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या काही महिन्यांत डच भाषा सर्वांत वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी आणि मोठ्या माणसांनी. तीन ते पाच वर्षांची मुलं वर्षअखेरीसही मागेच होती. लहान मूल शिकतं ते हळूहळू, भाषा दिवसभर कानावर पडत राहिली तर. लवकर पेरलं म्हणून उतारा वाढत नाही, पुढं पाणीही लागतं.

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. अनेकांचं प्राथमिक शिक्षण मराठीत होई आणि पुढं माध्यम उर्दू. दहा-अकरा वर्षांची पोरं उर्दूला लागत, तरी त्या पिढीची उर्दू पक्की झाली. कारण गणित, इतिहास सगळं उर्दूत, कचेरीही उर्दूत. (२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना जुनी उर्दू दप्तरं वाचणारी माणसं धुंडाळावी लागली, हे तलाठी बंधूंना आठवत असेल.)

याउलट, राज्यात पूर्वी पाचवीपासून असलेली इंग्रजी २००० च्या जूनपासून पहिलीत आली. चार वर्षं आधी सुरुवात झाली, पण दिवसाला तासिका एक. आणि गुरुजी ती मराठीतूनच समजावणार. एवढ्याशा वेळात लहान वयाचा फायदा मिळत नाही. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, २९ जूनला शासनाने ते निर्णय रद्द केले. त्या गदारोळातही वयावरच भांडण झालं, शिकवणार कोण आणि किती वेळ, हे फारसं कुणी विचारलं नाही.

तांड्यावरच्या लेकराचं तर निराळंच. घरात गोरमाटी, पहिलीत मराठी हीच त्याची दुसरी भाषा, आणि वर लगेच इंग्रजी. ते गप्प बसलं की "मठ्ठ आहे" असा शेरा बसतो. हा अन्याय आहे. घरची भाषा समजणारी ताई वर्गात असेल तर असं मूल वर्षभरात बोलायला लागतं.

सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी येत्या बैठकीत एवढं विचारावं : शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का? इंग्रजीच्या तासाला मुलं स्वतः किती वाक्यं बोलतात? गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत की पोरांच्या हातात? आणि फी भरून पाठवणाऱ्या पालकांनीही त्या शाळेत जाऊन हेच प्रश्न विचारावेत. पाटीवर इंग्रजी असली, तरी वर्गात कोणती भाषा चालते ते दाराशी उभं राहून ऐकावं.