आधी पुस्तक, मग तिकीट

१८५४ ची भारतीय तिकिटे जमवायची, तर कपाटात काय हवे?

• मूल्यसूची : स्टॅन्ली गिबन्सची सूची हा पाया. तिकीट तिच्या क्रमांकाने ओळखले जाते. छापलेली किंमत दुकानातली. प्रत्यक्ष व्यवहार बहुधा त्याखाली होतो. भाव नको असतील तर जुनी आवृत्तीही पुरते.

• मूळ अभ्यास : हाउसबर्ग, स्टुअर्ट-विल्सन आणि क्रॉफ्टन यांचा १९०७ चा ग्रंथ.

• एकाच तिकिटावरचे पुस्तक : मार्टिन आणि स्मिदीज यांनी फक्त चार आण्यांच्या तिकिटावर पुस्तक लिहिले. ते लाल-निळे तिकीट दोन वेळा छापावे लागे. त्यात काहींवर राणीचे डोके उलटे उमटले.

• टपाल शिक्के : मुंबईचे जाल कूपर यांचे ‘अर्ली इंडियन कॅन्सलेशन्स’. शिक्का तिकिटाच्या काळाशी जुळत नसेल, तर सावध व्हा.

• लिलावांच्या जुन्या सूच्या : रद्दीच्या भावात मिळाल्या तरी घ्या. अस्सल तिकिटांची छायाचित्रे आणि आधीच्या मालकांची नावे त्यांत सापडतात. १८५२ च्या ‘सिंद डाक’सारख्या, नकला भरपूर असलेल्या तिकिटांसाठी हा पुरावा मोलाचा.