परसातला मोहोर आणि रानातली माशी

फाल्गुन लागला की गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात पळस आणि काटेसावर बिनपानांच्या फांद्यांवर फुलतात. त्याच दिवसांत घरामागच्या सांदवाडीत आंबा मोहरलेला असतो, शेवगा पांढरा झालेला असतो, लिंबाला कळी धरलेली असते. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे टपटप गळू लागतात. गोंड, माडिया, तेलुगू बोलणारी आणि फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन इथे वसवली गेलेली बंगाली कुटुंबे असा हा मिश्र मुलूख. पण घरामागे दोन-चार फळझाडे हवीतच, यावर सगळ्यांचे एकमत.

वर्धा आणि वैनगंगा जिथे एक होऊन प्राणहिता बनते, त्या चपराळ्याच्या अभयारण्यापासून पुढे दूरवर जंगल पसरले आहे. इथले कुंपण गुरांना अडवते. माशी, भुंगा, वटवाघूळ त्याला जुमानत नाहीत. सकाळी सावरीवर दिसणारी माशी दुपारी घरच्या लिंबावर असू शकते. म्हणूनच परसातल्या झाडाबद्दलची चुकीची समजूत रानालाही भोवते. वसंतात हमखास कानावर येणाऱ्या अशा काही समजुती तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज : मोहोर गळतो, कारण झाडाला रोग लागतो किंवा माश्या मोहोर खातात.

वस्तुस्थिती : आंब्याच्या एका तुऱ्यात काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत फुले असतात. त्यांतली बरीचशी नुसती नर फुले असतात आणि त्यांना फळ कधीच धरत नाही. उरलेल्या द्विलिंगी फुलांतूनही थोड्याच फुलांची कैरी होते. एकूण फुलांच्या मानाने शेवटी हाती येणारे आंबे शंभरात एकही भरत नाहीत. झाडाखाली मोहोराचा सडा पडला तर घाबरण्याचे कारण नाही. तुडतुड्यांनी मोहोर चिकट झाला किंवा भुरीने पांढरा पडला, तर मात्र तो रोगकिडीचा प्रकार समजावा.

मोहोरावर घोंघावणारे कीटक फूल खात नाहीत. ते मध चाखतात आणि अंगाला लागलेले पराग पुढच्या फुलावर नेतात. आंब्याच्या बाबतीत या कामात मधमाशीइतक्याच, किंबहुना कित्येकदा जास्त, उपयोगी पडतात त्या साध्या माश्या. लोक ज्यांना घाणीवरच्या माश्या म्हणून हाकलतात, त्याच निळ्या-हिरव्या माश्या! ऑस्ट्रेलियातले काही आंबा बागायतदार तर त्यांना बोलावण्यासाठी फुलोऱ्याच्या दिवसांत बागेत सडके मांस ठेवतात.

गैरसमज : प्रत्येक फळ मधमाशीमुळेच धरते, मधमाशी संपली तर चार वर्षांत माणूस संपेल.

वस्तुस्थिती : चार वर्षांचे हे भाकीत आइन्स्टाइनच्या नावावर खपवले जाते. त्याने ते केल्याचा कसलाही पुरावा सापडलेला नाही. भात, गहू, ज्वारी, मका यांना कीटक लागत नाहीत; भाताचे परागीभवन बव्हंशी फुलातल्या फुलातच होते, मक्याचे वाऱ्याने. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना परागीभवनासाठी प्राण्यांचा थोडाफार तरी हातभार लागतो, पण उत्पादनाच्या वजनात या पिकांचा वाटा सुमारे ३५ टक्के आहे. माणूस उपाशी मरणार नाही, पण ताटातली फळे, भाज्या आणि तेलबिया कमी होतील. काळजी करायला एवढे खरे कारण पुरेसे आहे.

शिवाय परसातल्या प्रत्येक झाडाचा पाहुणा वेगळा. शेवग्यावर मधमाश्यांबरोबर मोठा काळा भुंगा येतो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि त्यांच्या गोड पाकळ्यांसाठी फळे खाणारी वटवाघळे झाडावर येतात. तीही पराग वाहतात. केळीच्या फळाला परागीभवनच लागत नाही.

सीताफळाचे गणित सर्वांत नाजूक. त्याचे खाली लोंबणारे, तीन जाड पाकळ्यांचे हिरवट फूल आधी मादी अवस्थेत असते आणि नंतर नर अवस्थेत जाते. त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःला सहसा उपयोगी पडत नाहीत. पाकळ्यांच्या अरुंद फटीत मधमाशी शिरत नाही. शिरतात ते तिळाएवढे भुंगेरे. कुजलेल्या फळांवर वाढणारे हे कीटक अतिस्वच्छ, पालापाचोळा नसलेल्या बागेत कमी असतात. त्यात चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात मादी अवयव सुकतो, म्हणून आधीची बरीच फुले गळतात आणि पावसाची चाहूल लागल्यावर फळे धरू लागतात. ज्यांना वाट पाहायची नाही, ते नर अवस्थेतल्या फुलाचे पराग मऊ ब्रशने नुकत्या उमलू लागलेल्या फुलाला लावतात. दोन-तीन झाडे असतील तर हे काम घरच्या घरी जमते.

गैरसमज : मधमाशी म्हणजे मधमाशी, कोणतेही पोळे आणून पेटीत ठेवता येते.

वस्तुस्थिती : या भागात एकाहून जास्त जातींच्या मधमाश्या आढळतात आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. आग्या माशी सर्वांत मोठी. उंच झाडाच्या फांदीखाली किंवा पाण्याच्या टाकीखाली ती उघड्यावर एकच भलेमोठे पोळे बांधते आणि ऋतूप्रमाणे स्थलांतर करते. ती पेटीत राहत नाही. फुलोरी सर्वांत चिमुकली. तिचे तळहाताएवढे पोळे लिंबाच्या किंवा मेंदीच्या झुडपात सापडते. ते ज्या डहाळीवर असते तिच्या दोन्ही बाजूंना जवळून पाहिले, तर डिंकासारखा चिकट पट्टा दिसतो. मुंग्यांनी पोळ्यापर्यंत येऊ नये म्हणून माशीनेच तो लावलेला असतो. हीही पेटीत टिकत नाही.

पेटीत पाळता येते ती सातेरी. झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. परदेशातून आणलेली मेलिफेरा ही दुसरी पाळीव जात. ती मध जास्त देते, पण तिला निगा आणि फुलांचा सलग पुरवठा लागतो. मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे रानच्या माश्या आपणहून येतात, तिथे घरच्या चार झाडांच्या फळासाठी पेटी विकत घेण्याची गरज नाही.

गैरसमज : फांदीवर माश्यांचा घोस दिसला की जाळ करून हाकलावा, नाहीतर त्या चावणारच.

वस्तुस्थिती : वसंतात फुले भरपूर असली की सातेरीची वसाहत दुभंगते. जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडते आणि नवी जागा मिळेपर्यंत हा घोस एखाद्या फांदीवर विसावतो. या माश्यांची पोटे मधाने भरलेली असतात आणि राखायला पिल्ले नसतात, त्यामुळे त्या एरवीपेक्षा शांत असतात. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत त्या निघून जातात. तोवर मुलांना लांब ठेवणे एवढेच काम.

आग्याच्या पोळ्याची गोष्ट वेगळी. दगड, धूर, उग्र वास किंवा घारीची झडप यांनी ते उठले तर जीव जाऊ शकतो. एका डंखातून सुटणारा गंध बाकीच्या माश्यांना तिथेच डंख मारायला बोलावतो, म्हणून हात झटकत उभे राहण्यापेक्षा तोंड झाकून सरळ बंद घरात पळावे. पाण्यात उडी मारून उपयोग नाही. माश्या वर घिरट्या घालत राहतात. कातडीत रुतलेली नांगी नखाने लगेच खरवडून काढावी, कारण तिला चिकटलेली विषाची पिशवी काही वेळ विष सोडत राहते. डंख पुष्कळ असतील, श्वास लागत असेल किंवा चेहरा सुजत असेल, तर तडक दवाखाना गाठावा.

गैरसमज : मध काढायचा तर माश्या जाळाव्याच लागतात.

वस्तुस्थिती : रात्री टेंभा लावून पोळे झाडले की माश्या आगीत पडतात, अख्खे पोळे कापले जाते आणि पिल्लांसकट पिळलेला मध लवकर आंबतो. आग्याच्या पोळ्यात मध असतो तो फांदीजवळच्या फुगीर भागात. पिल्ले खालच्या पातळ भागात असतात. संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापला तर माश्या तो पुन्हा बांधतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू शकतो. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने विदर्भातल्या मध गोळा करणाऱ्यांना ही पद्धत शिकवली आहे. गडचिरोली जिल्ह्यातच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने, ज्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्याआधीच अभ्यासगटांतून माश्या न मारता मध काढण्याचा विषय हाती घेतला होता.

गैरसमज : फुलोऱ्यात औषध फवारले की फळ जास्त धरते.

वस्तुस्थिती : पूर्ण उमललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारणे म्हणजे फळ धरणाऱ्या कीटकांनाच मारणे. फवारणी करावीच लागली तर ती फुले उमलण्याआधी किंवा फळ धरल्यावर, आणि माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी. काही औषधे झाडाच्या रसात भिनून पराग आणि मधापर्यंत पोचतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच.

गैरसमज : मोहाखालचा पाला पेटवला की जागा साफ होते, बाकी काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : फुले वेचायला सोपे जावे म्हणून लावलेली ही आग वाऱ्याने पुढे सरकते, उन्हाळ्यातल्या अनेक वणव्यांची सुरुवात अशीच होते. तिच्यात जमिनीत बिळे करून राहणाऱ्या एकट्या माश्यांचा निवारा जातो. वाळक्या बांबूत करंगळीएवढे गोल भोक पाडून राहणारा काळा भुंगाही जळतो. शेवग्यावर येणारा भुंगा तोच, आणि सांदवाडीच्या कुंपणातले भोकाचे बांबू हे त्याचे घर. पाला झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी बांधली, तर आगीची गरज उरत नाही. जाळीवर पडलेल्या फुलाला माती आणि राख लागत नाही, ते स्वच्छ वाळते आणि बाजारात त्याला चांगला भाव मागता येतो.