सहा फूट बाय दोन फूट

परवा पडवीतल्या फरशीवर मी खडूने एक चौकट आखली. लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट. मग तिच्यात उताणा पडून पाहिलं. पाय जेमतेम मावले, कोपरं मात्र दोन्हीकडून रेषेबाहेर. आई पलीकडे तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘‘भरल्या घरात कुणाचं माप घेतोयस रे मेल्या?’’

तिला वाटलं तसलं ते माप नव्हतं. ते जिवंत माणसाचं होतं आणि ब्रिटिश पार्लमेंटने १८५५ साली कायदा करून ठरवून दिलेलं होतं. हाँगकाँगहून लांबच्या सफरीला निघालेल्या जहाजात दर मोठ्या माणसामागे बारा चौरस फूट तळ आणि बहात्तर घनफूट पोकळी असलीच पाहिजे. माझ्या चौकटीवर सहा फूट उंचीची एक न दिसणारी पेटी ठेवली की बहात्तर घनफूट भरतात. त्यातच झोपायचं, बसायचं, ओकायचं आणि आपलं बोचकं सांभाळायचं. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या मुलखाकडे निघालेल्या माणसाने हे सगळं दीड-दोन महिने करायचं. बारा वर्षांखालची दोन मुलं मिळून एक माणूस धरायचा. एसटीचं अर्धं तिकीट आपल्या ओळखीचं असतं, पण अर्धी हवा मोजून देणारं तिकीट मी पहिल्यांदाच वाचलं.

या कायद्याचं नाव ‘चायनीज पॅसेंजर्स अ‍ॅक्ट’. नाव वाचून वाटतं, आपला याच्याशी काय संबंध? मी व्याख्येपर्यंत पोचलो आणि तिथेच थबकलो. हाँगकाँगहून सुटणारं कुठलंही जहाज आणि चीनच्या कुठल्याही बंदरातून, किंवा किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या आतून, निघणारं ब्रिटिश जहाज वीसपेक्षा जास्त ‘आशियाचे मूळ रहिवासी’ घेऊन चाललं असेल, तर ते ‘चिनी प्रवासी जहाज’. आशियाचे रहिवासी! म्हणजे आमच्या गोवळकोटचा एखादा खलाशी फिरत फिरत हाँगकाँगला पोचला असता आणि तिथून प्रवासी म्हणून अशा जहाजात चढला असता, तर कायद्याच्या लेखी तोही चिनी प्रवाशांतलाच. चिपळूणचा माणूस एका सहीनिशी चिनी!

हा कायदा कशापायी झाला, ते एका अमेरिकन जहाजाच्या गोष्टीतून चांगलं कळतं. १८५२ च्या मार्चमध्ये ‘रॉबर्ट बाऊन’ हे जहाज चीनच्या अमोय बंदरातून, म्हणजे आजच्या शियामेनमधून, चारशेच्या आसपास मजूर घेऊन निघालं. कप्तान होता ब्रायसन. जहाज स्वच्छ राहावं म्हणून त्याने मजुरांना डेकवर उभं करून अंगावर गार पाणी ओतवलं आणि त्यांच्या शेंड्या कापायला लावल्या. चिंग राजवटीत ती लांब वेणीसारखी शेंडी राजनिष्ठेची खूण होती, ती नसलेला माणूस बंडखोर ठरे. म्हणजे कप्तानाने केसांबरोबर या माणसांची घरी परतायची वाटही कापली. काही दिवसांतच मजूर उठले, कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. जहाज इशिगाकी बेटाजवळ खडकांत रुतलं आणि शेकडो चिनी त्या परक्या बेटावर उतरले. त्यांना पकडायला ब्रिटिश आणि अमेरिकन लढाऊ जहाजं आली. तिथेच मेलेल्या चिन्यांचं रंगीबेरंगी स्मारक आज जपानच्या त्या बेटावर उभं आहे.

ब्रायसनला बहुधा आपण आरोग्याची काळजी घेतोय असंच वाटत असणार. मला या गोष्टीतलं सगळ्यात भयंकर तेच वाटतं.

अशा बातम्या लंडनला पोचत होत्या. गुलामगिरी उठवून वीस वर्षं झाली होती, आणि गुलामांच्या जागी आलेले मजूर गुलामांसारखेच मरत होते. मग कायदा आला. त्याची कलमं वाचताना गंमतही वाटते आणि कौतुकही. बंदरावरच्या एमिग्रेशन ऑफिसरने जहाजावर चढून बघायचं: जहाज समुद्रात टिकेल असं आहे का, हवा खेळते का, पाणी पुरेसं आहे का. शिधा काय काय? तांदूळ, खारवलेले जिन्नस, खारातल्या भाज्या, स्वयंपाकाला सरपण आणि चहा. चिनी माणूस चहाशिवाय जगणार नाही, एवढं पार्लमेंटला कळत होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रवाशांना विचारायचं, कुठे चाललाय ते तुम्हाला ठाऊक आहे ना? कामाचा करार केला असेल तर तो कळला आहे ना? अधिकाऱ्याचा दाखला मिळाल्याशिवाय नांगर उचलायचा नाही.

एवढा साधा प्रश्न विचारायला कायदा लागला, यावरून आधी काय चालत असेल याची कल्पना येते.

पण कायदा आला की त्याची फट शोधणारेही आलेच. सात दिवसांपेक्षा लांबच्या सफरीलाच तो लागू होता. बंदरात मोजून घेतलेली माणसं दाखवायची, दाखला घ्यायचा आणि बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून होड्यांनी आणखी माणसं चढवायची, हा प्रकारही होता. आणि सगळ्यात मोठी फट अवघ्या साठेक किलोमीटरवर होती. तिचं नाव मकाऊ. तिथे राज्य पोर्तुगीजांचं, आणि १८४४ पर्यंत त्या बंदराचा कारभार चालायचा तो आपल्या शेजारच्या गोव्यातून. हाँगकाँगमध्ये माप लागू झालं तसा क्युबा आणि पेरूकडे माणसं पाठवणाऱ्यांनी आपलं दुकान मकाऊत मांडलं. १८७२ साली तिथून निघालेलं पेरूचं ‘मारिया लूझ’ वादळात सापडून दुरुस्तीसाठी जपानच्या योकोहामात थांबलं. एक मजूर पाण्यात उडी टाकून जवळच्या ब्रिटिश युद्धनौकेकडे पोहत गेला. त्या एका उडीने चक्रं फिरली. जपानी न्यायालयाने जहाजावरचे दोनशेहून जास्त चिनी मोकळे केले. दोन वर्षांत मकाऊचा तो धंदाही बंद पडला.

आता आपल्या बाजूला येऊ. कारण हाँगकाँगच्या या कायद्याची थोरली बहीण हिंदुस्थानातच जन्मली होती.

१८३४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अ‍ॅटलस’ जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन मॉरिशसला पोचलं. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १८३७ साली कंपनी सरकारने पहिले नियम केले: अधिकाऱ्यासमोर हजर व्हा, करार दाखवा, जहाजात जागा, अन्न, वैद्य हवा. तरी इतकी ओरड झाली की १८३८ मध्ये हा सगळा प्रवासच थांबवावा लागला. १८४२ च्या कायद्याने मॉरिशसचा रस्ता पुन्हा उघडला तो फक्त तीन बंदरांतून, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. त्या प्रत्येक ठिकाणी एक ‘प्रोटेक्टर’ नेमला, मजुरांचा राखणदार. राखणदार नेमावा लागला म्हणजे राखायची वेळ आली होती, हेही त्यात आलंच.

मुंबईतून गेलेल्यांची संख्या कलकत्ता-मद्रासच्या मानाने लहान, पण त्यांत कोकणी मराठी माणूस पुष्कळ. तो मुंबईला कसा जाई? आमच्याकडे तो रस्ता पाण्याचा. कुंभार्ली घाटाने देशावरचा माल चिपळुणात उतरे, आणि गोवळकोटच्या धक्क्यावरून मचवे वाशिष्ठीच्या भरती-ओहोटीचा अंदाज घेत दाभोळकडे निघत. दाभोळच्या तोंडाशी समुद्र. कोण दुष्काळाने, कोण कर्जाने, कोण घरी भांडून या वाटेने मुंबईला गेला. त्यातला एखादा मुंबईच्या धक्क्यावर मुकादमाच्या हाती सापडला की पुढचं सगळं करारात बसायचं. उत्तरेकडच्यांनी ‘अ‍ॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ केलं. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, आणि मला वाटतं, या शब्दाला तो अर्थही शोभतो.

‘कुली’ या शब्दाबद्दलही अभ्यासकांत एकमत नाही. कोणी तो तमिळमधल्या मजुरीच्या शब्दापासून आला म्हणतात, तर कोणी किनाऱ्यावरच्या कोळ्यांपासून. कोळ्यांचा दावा खरा निघाला तर हाँगकाँगच्या मजुराचं बिरुदही आपल्याच किनाऱ्यावरून गेलेलं.

नियम होते म्हणून लोक मेले नाहीत असं नाही. १८५६ च्या जानेवारीत ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ ही दोन जहाजं कलकत्त्याहून पटकी घेऊन मॉरिशसला आली. त्यांतल्या माणसांना किनाऱ्यापासून दूर गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटावर उतरवलं. निवारा नाही, औषध तुटपुंजं. तिथे इतके जण गेले की हिंदुस्थान सरकारने मॉरिशसला माणसं पाठवणंच काही काळ बंद केलं. त्याच हंगामात, १८५६-५७ मध्ये, कलकत्त्याहून वेस्ट इंडीजकडे गेलेल्या जहाजांवर शंभरातली सतरा माणसं वाटेतच संपली. कायद्याचा दाखला त्याही जहाजांकडे होताच.

आणि तरीही याच मोजणाऱ्या, शिक्के मारणाऱ्या राज्याने एक गोष्ट जपून ठेवली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येकाची नोंद झाली: नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज. १८६० च्या दशकापासून फोटोही. त्या धक्क्याला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. तिथल्या सोळा पायऱ्यांवरून चार लाखांहून जास्त माणसं वर आली आणि २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. नोंदींची ती पुस्तकं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. घरी राहिलेल्यांनी ‘तो गेला तो गेला’ म्हणून ज्याचं नाव टाकलं, त्याच्या कपाळावरचा व्रण कुठे होता ते एका परक्या कारकुनाने लिहून ठेवलंय.

अर्थात गावाचं नाव तो त्याच्या कानाने लिहिणार. इंग्रजी दप्तरात रत्नागिरीचं ‘रटनाघेरी’ होई, चिपळूणचं ‘चिपलून’. वाडीचं तर काय होत असेल देव जाणे. आणि जे नाव पहिल्यांदा वहीत उतरलं तेच पुढे कित्येक घरांचं आडनाव झालं. पणजोबाचं पाळण्यातलं नाव आज पासपोर्टवर मिरवतंय, आणि खरं आडनाव कुठल्या तरी कोकणी घराच्या माळ्यावर धूळ खातंय.

जाता जाता एक उलटी बोट. खरेखुरे चिनीही आमच्या डोक्यावर राहून गेलेत. सरकारने मलायाकडून चिनी कैदी मुंबई इलाख्यात आणून महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवले. त्यांनी तिथे बागा केल्या, बटाटे पिकवले, आणि १८६४ साली तो तुरुंग मोडला. कैदी म्हणजे काही प्रवासी नव्हेत, त्यामुळे त्यांना बारा चौरस फूट देण्याचा प्रश्न नव्हता. त्याच महाबळेश्वरात कोयना उगम पावते आणि आज वीज करून झाल्यावर तिचं पाणी पोफळीहून वाशिष्ठीत सुटतं. चिपळूणच्या पुलावरून खाली पाहिलं की मला हे आठवतं. (पुलावरून सहसा लोक मगरी बघतात.)

मॉरिशसच्या मराठी मंडळींनी गणपती सोडला नाही. हेन्रिएटा इथे १८९६ पासून तो बसतो आणि गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. गणपतीपुढे ती माणसं ‘झाकरी’ नाचतात. मधे गाणारा आणि वाद्यवाले, भोवती फेर धरून नाचणारे, पाय ठेक्यात. मी त्याचं चित्रीकरण पाहिलं, आणि आईलाही मोबाइलवर दाखवलं. कधी, कुठल्या जहाजाने, किती जागेत झोपून ही माणसं तिकडे गेली ते सगळं सांगितलं, खडूची चौकट दाखवत.

तिने चष्मा वर करून नाच शेवटपर्यंत बघितला.

‘‘झाकरी काय म्हणतोस,’’ ती म्हणाली, ‘‘जाखडी आहे ती. आणि तो तिसरा मुलगा पाय चुकतोय.’’